मामाचे चोवीस डबे

वय 24, सहावा महिना, वजन 46 किलो, हिमोग्लोबिन 8.9. मार्चमध्ये तेच 9.4 होतं. सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी नोंदणीच्या वेळीच झालेली, निगेटिव्ह. गेल्या महिन्याभरात वजन जेमतेम 300 ग्रॅम वाढलेलं. मे महिन्यातल्या कुठल्याही तपासणीच्या दिवशी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा चार-पाच बाया असतातच. लोहाच्या गोळ्यांची चौकशी कार्डावर लिहून मी पुढच्या बाईला हाक मारणार होते, तेवढ्यात सोबत आलेल्या सासूनं पिशवीतून मासळीचा एक डबा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, हे पाहून सांगा जी. फेकून देऊ का ठेवू?"

गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, नवेगावबांधच्या तलावापासून फार लांब नाही. घर ढिवरांचं. नवरा मत्स्य सहकारी संस्थेच्या तलावात जाळं टाकतो, सासू आठवडी बाजारात मासोळी विकते. घरात साडेतीन वर्षांची एक मुलगी. ज्या घराची चूलच मासोळीवर चालते, त्या घरातली बाई डबाबंद मासळी घेऊन माझ्यासमोर बसली होती आणि खरोखर घाबरलेली होती.

डबे आणले होते सुनेच्या भावानं. तो ओमानमध्ये एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. होळीला सुट्टीवर आला तेव्हा गरोदर बहिणीसाठी चोवीस डबे टूना घेऊन आला. त्यातले चौदा ‘लाईट’ आणि दहा ‘व्हाईट’. व्हाईट महाग, म्हणून भारी, म्हणून ते आधी संपवायचे असं ठरलं. लाईट म्हणजे कमी तेलाचा, तब्येत कमी करणाऱ्यांसाठीचा, असा घरच्यांचा समज. माहेरच्या माणसानं एवढ्या लांबून आणलेलं खाणं कोण नाकारणार? पाच आठवड्यांत दहा डबे उघडले गेले, सहा व्हाईट आणि चार लाईट.

मग एप्रिलच्या मध्यात नवऱ्याच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. त्यात थर्मामीटर फुटून पाऱ्याचे मणी घरंगळत होते आणि त्यानंतर जपानमधल्या, हातपाय वाकलेल्या मुलांची चित्रं होती. डब्यातल्या माशात पारा असतो, तो पोटातल्या बाळाच्या मेंदूत जातो, एवढंच त्यात सांगितलं होतं. किती, कोणत्या माशात, कुणी किती खाल्ला तर, यातलं काहीच नव्हतं.

"मंग आमी सप्पाच मासोळ्या बंद केल्या जी," सासू म्हणाली. "डब्याचीबी, तलावाचीबी. सुकटबी."

एप्रिल-मे म्हणजे तलावाचं पाणी उतरण्याचा काळ. जाळ्याला मासोळी भरपूर लागते. त्या चार आठवड्यांत नवरा रोज टोपलीभर रोहू-कटला घरी आणत होता, सासू ती बाजारात विकत होती आणि सून वरणाच्या पाण्याशी भात खात होती.

इथे माझी चूक मला लिहिली पाहिजे. व्हिडिओ पाहून आशाताईंनी मला त्याच दिवशी फोन केला होता. मी एका प्रसूतीत अडकले होते. "सध्या मासे थांबवा, पुढच्या तपासणीला घेऊन या," एवढं बोलून मी फोन ठेवला. मला म्हणायचं होतं ‘तो डबा थांबवा’. तोंडातून गेलं ‘मासे’. पुढची तपासणी त्या बाईनं चुकवली, कारण घरी लग्न होतं. म्हणजे सासूला भीती व्हिडिओनं घातली, पण त्या भीतीवर डॉक्टरचा शिक्का मी मारला. हिमोग्लोबिन उतरायला फक्त हेच कारण होतं असं नाही. ती लोहाची गोळी चहाबरोबर घेत होती आणि चहामुळे लोह नीट अंगी लागत नाही. पण गरोदर बाईच्या ताटातलं सगळ्यात चांगलं प्रथिन चार आठवडे माझ्या एका सैल शब्दामुळे गेलं, हे खरं आहे.

पारा आणि पारा

आधी थर्मामीटरची भीती काढावी लागली. थर्मामीटरमधला चकचकीत पारा हा शुद्ध धातू. तो चुकून गिळला तर आतड्यांतून रक्तात जवळपास जातच नाही, शौचावाटे निघून जातो. त्याची वाफ हुंगणं धोक्याचं, ती बाब वेगळी. माशात असतो तो मिथाईल पारा. तो खाल्ला की साधारण 95 टक्के रक्तात शोषला जातो, वार ओलांडून गर्भात जातो आणि मेंदूत शिरतो. त्यामुळे व्हिडिओतला धोका खोटा नव्हता. वाढत्या मेंदूला हे विष लागतं.

जपानमधली ती चित्रं मिनामाताची. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून मिथाईल पारा वर्षानुवर्षं थेट खाडीत सोडला जात होता. 1956 मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली, आणि कारण सरकारनं मान्य करायला 1968 उजाडलं. तिथल्या रुग्णांच्या केसांत पाऱ्याचं प्रमाण दहा लाख भागांत 705 भागांपर्यंत सापडलं. त्या भागाबाहेरच्या लोकांच्या केसांत ते सरासरी 4 होतं. विषाच्या गटाराशेजारची मासळी रोज दोन वेळा खाणारी ती माणसं होती. ओमानच्या दुकानातल्या डब्याला मिनामाताचं चित्र चिकटवणं हा त्या माणसांवरही अन्याय आहे असं मला वाटतं.

पारा डब्याच्या पत्र्यातून येत नाही, डबाबंद करताना घातलाही जात नाही. कोळसा जळतो तेव्हा त्यातला अंशभर पारा धुराबरोबर हवेत जातो. ज्वालामुखी आणि सोन्याच्या खाणी यांतूनही तो येतो. पावसाबरोबर पाण्यात पडतो आणि तळाच्या गाळात, जिथे हवा पोचत नाही, तिथले जीवाणू त्याचा मिथाईल पारा करतात. तो शेवाळात, शेवाळातून किड्यांत, किड्यांतून लहान मासोळीत आणि लहानीतून मोठीत जातो. प्रत्येक पायरीला साठा वाढतो, कारण खाल्लेला पारा बाहेर फार सावकाश पडतो.

हे सांगताना मला खडूफळ्याची गरज पडली नाही. नवरा दाराशी उभा होता, तोच म्हणाला, "म्हंजे मरळीत जास्त, रोहूत कमी."

बरोबर. रोहू-कटला पाण्यातला बारीक पाला-शेवाळ आणि सूक्ष्म जीव खाऊन वाढतात, आणि वर्ष-दीड वर्षात जाळ्यात येतात. मरळ दुसऱ्या मासोळ्या खाते. तलावात मरळीचं जे स्थान, तेच समुद्रात टूनाचं. फरक इतकाच की टूना तिच्यापेक्षा खूप मोठा आणि कितीतरी जास्त वर्षं शिकार करत फिरणारा. शार्क आणि तलवार मासा त्याच्याही वर.

त्यानं लगेच पुढचं विचारलं, तिरोड्याच्या आणि चंद्रपूरच्या वीजकेंद्रांचा धूर आपल्या तलावात पडत असेल का. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तलावातल्या मासोळीची प्रयोगशाळेत तपासणी करून मिळायला हवं. तशी मागणी संस्थेनं मत्स्यव्यवसाय विभागाकडे लेखी करावी असं मी त्याला सुचवलं. तोवर एक-दीड वर्षाच्या, पाला खाणाऱ्या मासोळीला गरोदर बाईच्या ताटातून काढायला मला काही कारण दिसत नाही.

लाखोळी

सासूला धीर आला तो यातल्या कशानंच नाही. तिला धीर दिला लाखोळीनं.

पूर्व विदर्भातल्या धानाच्या बांधीत धान निघालं की ओलीवर लाखोळीची डाळ पेरतात, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. तिच्यातही मज्जातंतूंना मारणारं विष असतं. एरवीच्या जेवणात थोडी डाळ खाल्ली तर काही होत नाही. दुष्काळात दुसरं काहीच नसताना दोन-तीन महिने तीच मुख्य अन्न झाली की कमरेखालचे पाय ताठरतात ते कायमचे. सासूच्या लहानपणी गावात काठी टेकत, पाय ओढत चालणारा एक म्हातारा होता. त्याची आठवण तिनंच काढली.

"म्हंजे लाखोळीवानीच हे? खाल्ल्यावर नाई, किती खाल्लं त्याच्यावर?"

मी हो म्हटलं. मग तिनं जो प्रश्न विचारला तो मी आजवर कुठल्या प्रशिक्षणातही ऐकला नव्हता. लाखोळी भिजवून, उकळून पाणी फेकलं की तिचं विष कमी होतं. तसं डब्यातल्या मासोळीचं पाणी फेकलं, किंवा पुन्हा उकळली, तर?

नाही. लाखोळीचं विष पाण्यात विरघळतं. मिथाईल पारा माशाच्या मांसातल्या प्रथिनालाच घट्ट धरून बसतो. तो तेलात नसतो, कातडीत नसतो, डब्यातल्या पाण्यात उतरत नाही. तळा, भाजा, वाफवा, तो जिथल्या तिथे. धुऊन विष जातं हा समज किती महाग पडतो ते इराकमध्ये 1971-72 च्या हिवाळ्यात दिसलं. मिथाईल पारा चोळलेलं गव्हाचं बियाणं दुष्काळानंतर शेतकऱ्यांना वाटलं होतं. बियाण्याला लाल रंग होता आणि पोत्यावरची सूचना परक्या भाषेत. लोकांनी दाणे धुतले, रंग गेला म्हणजे विष गेलं असं समजून भाकऱ्या केल्या. 6530 माणसं रुग्णालयात गेली, 459 दगावली. आपल्याकडेही पेरणीनंतर रंगीत बियाणं उरतं आणि ते धुऊन कोंबड्यांना टाकणारी घरं मला माहीत आहेत, म्हणून ही हकीकत मी त्या दिवशी मुद्दाम पूर्ण सांगितली.

हिशेब

मग डब्यांकडे वळलो. नवरा मोटारसायकलवर जाऊन उरलेले चौदाही डबे घेऊन आला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात माशाचं शास्त्रीय नाव असतं, ते पाहायचं. लाईटच्या डब्यांवर स्किपजॅक टूनाचं नाव होतं, व्हाईटच्या डब्यांवर अल्बाकोरचं. नुसत्या ‘व्हाईट’ शब्दावर भरवसा ठेवू नये. अमेरिकेत त्या शब्दाचा अर्थ अल्बाकोरच होतो, पण सगळ्या देशांत तसा नियम नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं वर्षानुवर्षं तपासलेल्या नमुन्यांची सरासरी अशी: डबाबंद लाईट टूनात दर ग्रॅमला 0.126 मायक्रोग्रॅम पारा, अल्बाकोरमध्ये 0.350. तुलनेसाठी तारली 0.013, तलवार मासा 0.995. डब्यातलं तेल-पाणी निथळून मासा भरतो सुमारे 120 ग्रॅम. म्हणजे लाईटच्या एका डब्यात साधारण 15 मायक्रोग्रॅम, व्हाईटच्या एका डब्यात 42. ही सरासरी आहे, एखादा डबा दुपटीचाही निघू शकतो, म्हणून मी मर्यादेच्या अगदी काठावर कुणालाच नेऊन ठेवलं नाही.

मी दोन मर्यादा पाहिल्या आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीची मर्यादा आठवड्याला दर किलो वजनामागे 1.6 मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची दिवसाला 0.1, म्हणजे आठवड्याला 0.7. दुसरी अधिक कडक, कारण तिच्यात दहा पटींचा सुरक्षेचा वाव ठेवलेला आहे.

आता प्रत्येकानं किती खाल्लं ते. आठवड्याला दोन डबे उघडत होते. सुनेच्या वाट्याला त्यातला एक तृतीयांश, म्हणजे सुमारे 80 ग्रॅम. व्हाईट-लाईटचं प्रमाण धरून आठवड्याला 21 मायक्रोग्रॅम, दर किलोमागे 0.45. दोन्ही मर्यादांच्या आत. जिच्यासाठी सगळं घर चार आठवडे धास्तावलं होतं, तिला डब्यांमुळे चिंता करण्याजोगं काही झालेलं नव्हतं.

मग उरलेली मासोळी कुणी खाल्ली?

सासूनं कडेवरच्या नातीकडे पाहिलं. पोरीला काटे नसलेली ‘मामाची मासोळी’ फार आवडली होती. भातात कुस्करून, आठवड्यातून चार वेळा, दरवेळी डब्याचा तिसरा हिस्सा. आईला द्यायचा तो घासही तिच्याच ताटात जायचा. आठवड्याला 160 ग्रॅम. पारा 42 मायक्रोग्रॅम. अंगणवाडीच्या नोंदीत तिचं वजन 12 किलो. दर किलोमागे साडेतीन मायक्रोग्रॅम. सैल मर्यादेच्या दुपटीहून जास्त, कडक मर्यादेच्या पाचपट.

घरच्यांनीच काय, मीही तोवर त्या मुलीचा विचार केला नव्हता. डोळ्यांपुढे सारखी गरोदर बाई होती. पण मेंदूची वाढ जन्मानंतरही चालू असते, आणि लहान शरीरात तोच घास कितीतरी मोठा ठरतो.

मुलीला नीट तपासलं. चालणं, पळणं, वस्तू उचलणं, बोलणं, रंग ओळखणं, सगळं वयाला धरून. तसंच असणार अशी माझी अपेक्षाही होती, कारण मर्यादा ओलांडणं म्हणजे विषबाधा होणं नव्हे. पाच आठवड्यांचा हा डोस हातपाय थरथरण्याच्या पातळीच्या जवळपासही जात नाही. प्रश्न होता तो हेच वर्षभर चाललं असतं तर. मामानं दिवाळीला आणखी दोन पेट्या आणायचं कबूल केलं होतं.

नवऱ्याला तिची रक्ततपासणी नागपूरला करायची होती. मी नको म्हटलं. आकडा काहीही आला तरी उपाय एकच होता, डबा थांबवणं, आणि तो थांबून चार आठवडे झाले होते. रक्तातला मिथाईल पारा साधारण 50 दिवसांत निम्म्यावर येतो. शरीरातून पारा खेचून काढायची औषधं अशा मुलांना देऊ नयेत, त्यांचेच त्रास जास्त. जायच्या-यायच्या खर्चात त्या घराचा महिन्याचा किराणा भरला असता.

एक गोष्ट मात्र मला पाऱ्यापेक्षा त्या दिवशी जास्त बोचली. पोरीसाठी डब्याचा तिसरा हिस्सा काढला की उरलेला मासा कुठे असायचा? त्याच उघड्या डब्यात, चुलीच्या वरच्या फळीवर, दुसऱ्या दिवसापर्यंत. घरात फ्रीज नाही. एप्रिलचं ऊन 43 अंशांचं. अशा टूनात जीवाणू हिस्टामीन तयार करतात, ते पुन्हा गरम केल्यानं जात नाही, आणि खाणाऱ्याला तासाभरात अंग लाल होणं, उलटी, धडधड सुरू होते. डबा उघडला की त्याच जेवणात संपवायचा, फुगलेला डबा उघडायचाच नाही, हे मी तिघांकडून वदवून घेतलं.

कुणाचा डबा कोणता

चौदा डब्यांतले दहा लाईट होते, चार व्हाईट. फेकायला मी एकही सांगितला नाही. मामानं घामाच्या पैशानं आणलेलं ते चांगलं प्रथिन होतं. दवाखान्यातला मार्कर घेऊन मी प्रत्येक डब्यावर नाव लिहिलं. व्हाईटचे चार नवऱ्याला आणि सासूला, आठवड्याला एक, दोघांत मिळून. लाईटचे सुनेला आणि नवऱ्याला, आठवड्याला एकच, एका जेवणात. पोरीला तीन महिने टूना नाही, त्यानंतर फक्त लाईट आणि तोही आठवड्यातून एकदा, दोन चमचे.

तलावाची मासोळी मात्र त्याच संध्याकाळपासून सुरू करायला लावली. सुनेला आठवड्यातून तीन वेळा, रोहू, कटला किंवा काट्यांसकट चावून खाता येणारी बारीक मासोळी. गरोदरपणात आठवड्याला 225 ते 340 ग्रॅम मासे खावेत असा अमेरिकी सल्ला आहे, तो कमी पारा असलेल्या माशांसाठीच. बाळाच्या मेंदूला लागणारं डीएचए नावाचं स्निग्ध द्रव्य त्यातून मिळतं. जवसाच्या चटणीतून त्याचा कच्चा माल मिळतो, पण शरीर त्यातला फार थोडा भाग डीएचएत बदलू शकतं. चटणी खावी, पण ती मासोळीची जागा घेत नाही. सुकट वांग्यात घालायला हरकत नाही, मीठ धुऊन. लोहाची गोळी चहापासून दोन तास लांब.

मरळीचं काय, हे नवऱ्यानं जाता जाता विचारलं. मरळीला काटे कमी, म्हणून पोरीसाठी ती सोयीची. आमच्या तलावातली अर्ध्या किलोची मरळ आणि समुद्रात दहा वर्षं शिकार केलेला अल्बाकोर यांत पुष्कळ अंतर आहे. आठवड्यातून एकदा द्या, असं मी सांगितलं. रोज नको.

आशाताईंना मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन भेटले आणि फोनवर काय चुकीचं बोलले ते सांगितलं. गावातल्या आणखी दोन गरोदर बायांनी ‘मॅडमनं मासे बंद केले’ हे ऐकून मासोळी सोडली होती. बाजारात सासूच्या टोपलीवरचं गिऱ्हाईकही कमी झालं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्या दोघींच्या घरी आम्ही दोघी मिळून गेलो.

आठव्या महिन्यात सुनेचं हिमोग्लोबिन 10.1 होतं. गोळ्या नियमित झाल्या होत्या, त्यामुळे श्रेय एकट्या मासोळीचं नाही. भावाशी तिनं फोनवर बोलून घेतलं, दिवाळीला टूनाऐवजी तारलीचे डबे आणायला सांगितले. पोरगी अजून अधूनमधून मामाची मासोळी मागते. आजी तिला मांडीवर घेऊन बसते आणि रोहूचे काटे एकेक काढून देते. वेळ लागतो, भात गार होतो, पण पोरगी खाते.